'आधी'ची बाई

सौदीतल्या यान्बूच्या आमच्या इस्पितळात जन्मलेल्या पोरांच्या कानावर पहिल्यांदा पडली ती भाषा अरबी नव्हती. बापाने कानात अजान द्यायच्या आधी हलीमाआपाचा आवाज त्या कानात गेलेला असायचा. ओलं, किंचाळणारं पोर दोन्ही हातांत धरून, त्याला उलटंसुलटं बघत ती म्हणायची, "आलीस गो बाय? कोणी बोलावला होता तुना?" मुलगा असला तर, "आलास रे दादल्या? आता बस रडत." बाळंतिणींना वाटायचं, सिस्टर काहीतरी दुआ म्हणते आहे. त्या तळवा छातीवर ठेवून "आमीन" म्हणायच्या.

हलीमा परकार. रत्नागिरीकडच्या खाडीकाठची. प्रसूती विभागाची मुख्य सिस्टर. मी तिथे आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले तेव्हा तिची यान्बूतली बरीच वर्षं झालेली होती. उंचीने बेताची, रुंद, सावळी. दोन्ही गालांवर लेकीच्या, सनाच्या, वेळी दिवस गेल्यावर उठलेले आणि मग कधीच न गेलेले वांगाचे मोठे डाग. डाव्या कानाची पाळी फाटलेली. सना तान्ही असताना तिने झुमक्याला धरून ओढलं होतं. त्या फाटक्या पाळीत ती पुन्हा काही घालायची नाही. उजव्या कानात मात्र बारीक सोन्याची कुडी. "एक कान शहाणा, एक येडा," म्हणायची.

तांबड्या समुद्राला ती समुद्र मानायची नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर सतरंजी पसरून बसलो की ती पाण्याकडे पाठ करून बसायची. "हा काय समुद्र? टाकी हाय. भरती दिसत नाय, ओहोटी दिसत नाय, वास सुद्धा नाय." गॅलरीत ती बोंबील वाळवायची, आणि वासाची तक्रार घेऊन आलेल्या खालच्या लेबनीज बाईला तिने तेच बोंबील तळून खायला घातले होते. तक्रार तिथे संपली. नवरा अन्वरभाई रिफायनरीत, पाळ्यांची ड्युटी. अतिशय गरीब माणूस. घरात वर्तमानपत्र वाचतानाही पान हळू उलटायचा.

आपाचा स्वभाव मला पहिल्यांदा कळला तो एका डॉक्टरमुळे. हैदराबादकडचे एक स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांनी एकदा पेशंटसमोर तिला "बेवकूफ" म्हटलं. चूक त्यांची होती, पण ते असो.  दुसऱ्या दिवसापासून आपा त्यांच्याशी फक्त अरबीत बोलू लागली. शुद्ध, वेगवान, स्थानिक अरबीत. डॉक्टरांचं अरबी "यल्ला" आणि "खलास"च्या पुढे गेलेलं नव्हतं. ते हिंदीत विचारायचे, ही अरबीत उत्तर द्यायची, आणि कुणीतरी सुदानी नर्स मध्ये उभी राहून दोघांचं एकमेकांना सांगायची. पेशंटच्या जिवाशी संबंध आला की मात्र ती दोन शब्द हिंदीत टाकायची, तेवढेच. डॉक्टर नोकरी सोडून गेले तेव्हा निरोपाचं भाषण तिनेच केलं. अरबीत. डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होते. ती काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही.

तर, ही बाई आणि विनयसर.

विनयसर जाहिरात आणि जनसंपर्काचे प्रमुख. मुंबईकडचे. बोलणं गोड, कपडे कडक इस्त्रीचे, सगळ्यांना "ताई", "दादा". यान्बूत वारा इतका असतो की पार्किंगपासून दारापर्यंत येईस्तोवर माणसाचं भूत होतं. विनयसरांचा एक केस हलत नसे. तो केसांचा टोप आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही कधी त्यावर बोललं नव्हतं. माणसाच्या व्यंगावर बोलू नये, एवढं सगळ्यांना कळत होतं.

त्या दिवसांत तिथल्या जाहिरातींत बाई नसायची. सुपरमार्केटमधल्या परदेशी शाम्पूच्या खोक्यांवरच्या बायकांचे दंड कुणीतरी काळ्या मार्करने झाकलेले असायचे. कापडाच्या दुकानात पुतळ्यांना मुंडकी नसायची. कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत नुसते दोन हात, पोरांच्या दुधाच्या जाहिरातीत बाप आणि पोर. आई कुठे गेली म्हणून विचारलं तर आपा म्हणायची, "दूध गरम करायला गेली."

मग इस्पितळाने त्वचेचा नवा विभाग उघडला. लेसरची मशिनं आली. सुरुवातीला हात बसावा म्हणून कर्मचाऱ्यांवर मोफत उपचार होते. आपा वांगासाठी गेली. इतक्या वर्षांत तिने त्या डागांना कधी काही लावलं नव्हतं, पण सना म्हणाली, "अम्मी, ट्राय तो करो," म्हणून गेली. तिथल्या मुलीने तिचा स्कार्फ काढायला लावला, पांढऱ्या भिंतीपुढे बसवलं आणि समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले. "फाइलसाठी," म्हणाली. खोलीत बायकाच होत्या. आपा बसली. दोनदा लेसर झालं, आग आग झाली, डाग होते तिथेच राहिले, आणि तिने जाणं सोडलं.

काही आठवड्यांनी त्या विभागाचं गुळगुळीत रंगीत पत्रक निघालं. सुपरमार्केटच्या पिशव्यांतून, गाड्यांच्या वायपरखाली, शाळांच्या दाराशी. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये तेच चित्र माणसाच्या उंचीचं. दोन चेहरे शेजारी शेजारी. एकावर अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेलं 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'. 'नंतर' म्हणजे कुठल्या तरी देशातली गोरीपान बाई, अर्धा चेहरा पांढऱ्या फुलाआड. 'आधी' म्हणजे आपा. डोळ्यांवर काळी पट्टी. केस मोकळे. गालांवरचे डाग होते त्याहून काळे केलेले, त्वचा राखेच्या रंगाची. आणि डावा कान उघडा, पाळी फाटलेली.

मी लिफ्टमध्ये तिच्याबरोबरच होते. तिने चित्र पाहिलं. हात वर करून स्कार्फ कानावर नीट ओढला. तळमजला आला, दार उघडलं, माणसं आत आली, दार मिटलं आणि आम्ही परत वर गेलो.

विनयसर नेहमीसारखे गोड होते. "बसा ना, सिस्टर. चहा?"

"फोटो माझा हाय," आपा म्हणाली.

"अहो, पण कुणाला कळतंय? डोळे झाकलेत ना."

"मना कळतंय. माझ्या घोवाला कळतंय. लेबर रूममधल्या सगळ्यांना कळतंय."

"तुम्ही मनाला लावून घेताय." ते माझ्याकडे वळले. "सांगा ना ताई त्यांना. उलट आनंद व्हायला हवा. बाकीचे पैसे देऊन मॉडेल आणतात."

"काढून टाका."

"छापलंय हो सगळं. पुढच्या छपाईत बघू."

ती कर्मचारी विभागात गेली. तिथल्या माणसाने तिचं ऐकून घेतलं, मग कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "सिस्टर, आपका इकामा रिन्यूअल को आया है. इस टाइम पे झगडा मत करो." इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. घरी अन्वरभाई म्हणाले, "सोड." त्यांचंही चुकलं नव्हतं. सौदीकरणाची वर्षं होती. परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस बसवायचा हुकूम वरून आलेला; पुरेसे सौदी नसले की कंपनी आधी पिवळ्यात आणि मग लाल यादीत जायची आणि तिच्या लोकांचे इकामे अडकायचे. आमचं इस्पितळ पिवळ्यात होतं. ज्याला त्याला आपली खुर्ची पायांनी घट्ट धरून बसावंसं वाटत होतं.

त्या दिवशी परत येताना आपा मला म्हणाली, "बाय, एक सांग. त्याने सौदी बाईचा का नाय लावला? फिलिपिनी नर्सचा का नाय?" मग स्वतःच म्हणाली, "सौदी बाईचा लावला असता तर तिच्या भावांनी त्याला विमानतळापर्यंत पण जाऊ दिला नसता. माझ्या अब्रूला कुंपण नाय. म्हणून गुरं घातली."

तरीही ती गप्प राहिली. लिफ्टऐवजी जिना वापरू लागली, एवढंच. खरंच सांगते, ती गप्प राहिली असती.

सना तेव्हा इंडियन स्कूलमध्ये आठवीत होती. आईसारखी सावळी, आईसारखे मोठे दात, आणि आईला कोकणीत उत्तर न देणारी. पत्रक तिच्या बसमध्ये पोचलं. मुलींनी कान ओळखला. पुढे काय झालं असेल ते कुठल्याही शाळेत शिकलेल्या माणसाला सांगायला नको. सनाने घरी काही सांगितलं नाही. अत्तराच्या दुकानात मिळणारं, चिठ्ठी नसलेल्या डबीतलं गोरेपणाचं मलम तिने डब्याच्या पैशांतून आणलं आणि रोज शाळेत जाताना जाड थर लावून वर स्कार्फ ओढला. वर यान्बूचं ऊन.

एका सकाळी आपा तिला घेऊन आपत्कालीन विभागात आली. मुलीचे दोन्ही गाल आणि हनुवटी सोलून निघालेली, पाणी सुटलेलं. डॉक्टर औषधं लिहीत होते, पण ड्रेसिंग आपाने कुणाला करू दिलं नाही. स्वतः केलं. हात एवढासाही हलला नाही. सना ओठ न हलवता रडत होती, कारण ओठ हलले की गाल ओढले जायचे.

"कशाला लावलास गो?" आपाने विचारलं.

सना म्हणाली, "आय डिडन्ट वॉन्ट टू बी बिफोर, अम्मी."

आपाने पट्टीचं शेवटचं टोक चिकटवलं. बेसिनपाशी गेली आणि लेबर रूममध्ये शिरताना धुतात तसे कोपरापर्यंत हात धुतले. मग मला म्हणाली, "आता माझं ऐकायचं नाय कुणी."

ती काय करणार, याची मला धास्ती होती. तिने आरडाओरडा केला नाही, पोलिसात गेली नाही. ती आपल्या कामावर गेली.

गरोदर बायकांच्या तपासणीचा बाह्य विभाग फक्त बायकांचा. मोठी खोली, सोफे, गहवाच्या, म्हणजे अरबी कॉफीच्या, सुरया, खजूर. बायका तिथे बुरखे सैल करून तासन् तास बसायच्या. गरोदरपणात निम्म्या जणींना वांग येतं, त्यामुळे तो विषय निघायचाच. कुणीतरी गालाला हात लावून विचारायची, "सिस्टर, याला काय करू? खाली नवा विभाग उघडलाय म्हणे."

आपा म्हणायची, "जा ना. जरूर जा." आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातलं एक पत्रक उचलायची. स्कार्फ मागे सारायची. 'आधी'चं चित्र आपल्या गालाशेजारी धरायची आणि फाटका कान पुढे करायची.

पहिल्यांदा तिने ते केलं तेव्हा मी आहाराचे तक्ते घेऊन तिथेच उभी होते. सोफ्यांवरच्या बायका पुढे वाकल्या. कुणाच्या तरी हातातली खजुराची बी बशीत पडली.

"ही मी," आपा अरबीत म्हणाली. "यांनी उपचारासाठी म्हणून काढला. फाइलसाठी. मला विचारलं नाही. इस्पितळातले सगळे पुरुष, गावातले सगळे ड्रायव्हर, सगळ्यांनी माझे केस पाहिले. तुम्ही जा. फोटो काढताना फक्त हसा."

एवढंच. रोज, नव्या बायकांपुढे, तेवढंच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. यान्बू केवढंसं! बायकांच्या फोनवरून ही गोष्ट वाऱ्यापेक्षा लवकर फिरली. आधी नावं नोंदवलेल्या बायका यायच्या थांबल्या. मग उपचार अर्धे झालेल्या बायका आपले फोटो परत मागायला आल्या. मग नवरे आले. आपापल्या बायकांचे फोटो आपल्या डोळ्यांदेखत पुसून टाका म्हणून काउंटरवर ठिय्या देऊन बसले. लेसरच्या मशिनांवर चादरी पडल्या.

विनयसर प्रसूती विभागाच्या दारापर्यंत आले. पुरुषांना तिथून पुढे प्रवेश नव्हता. आपा दारात आली.

"सिस्टर, तुम्ही खोटं पसरवताय. ही बदनामी आहे. नोकरी जाईल तुमची."

"एक शब्द खोटा दाखव."

 ती त्यांच्याशी प्रथमच एकेरीत बोलली होती आणि नंतरही एकेरीतच बोलत राहिली.

इस्पितळाच्या मालकांची म्हातारी आई, सगळे तिला उम्म सालेह म्हणायचे, नातसुनेला घेऊन तपासणीला आली. तिच्या घरातली सगळी लहान पोरं आपाच्या हातची. एक तर पायाळू. सगळ्यांनी आशा सोडलेली असताना आपाने बाहेर काढलेलं. म्हातारीने पत्रक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आपाकडे पाहिलं, परत पत्रकाकडे पाहिलं. मग ते पत्रक चौघडी करून पर्समध्ये टाकलं आणि निघून गेली.

दोन दिवसांनी मालकांच्या दालनात बोलावणं आलं. "बाय, तू चल," आपा म्हणाली. "साक्षीला कोणतरी आपल्यातला हवा." मी गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मालक टेबलामागे, उम्म सालेह कोपऱ्यातल्या सोफ्यावर काळ्या बुरख्यात, फक्त काठीचं टोक बाहेर. विनयसर मधल्या खुर्चीत. आणखी एक मुलगी होती, नूफ.

तिच्याबद्दल सांगायला हवं. नूफला जाहिरात विभागात नेमून बरेच महिने झाले होते. सौदीकरणाच्या आकड्यात एक सौदी दिसावा म्हणून. विनयसरांनी तिला खुर्ची दिली होती, टेबल दिलं होतं, काम दिलं नव्हतं. "तुम्ही कशाला त्रास घेता, पगार घरी येईल," असं तिला सांगून ठेवलं होतं. मुलगी रियाधला शिकलेली, हुशार. रोज यायची, रिकामं टेबल पुसायची, जायची. सनाच्या भाजण्याच्या सुमारास आपाने तिला चहाच्या खोलीत डोळे पुसताना पकडलं होतं आणि म्हटलं होतं, "रडतेस काय? बस. त्याच्या शेजारी बस. तो काय करतो, कुणाला फोन करतो, ते बघत बस. हाकललं तर मला सांग." तेव्हापासून नूफ सगळं बघत होती.

मालकांनी विनयसरांना माफी मागायला सांगितली. त्यांनी मागितली, इंग्रजीत, चांगली लांबलचक. पत्रकं जाळून टाकू, म्हणाले. मालक आपाला म्हणाले, "सिस्टर, तू आमच्या घरची आहेस. काय हवं ते माग. रजा हवी, तिकीट हवं?"

आपा म्हणाली, "फोटो हवा."

"कसला?"

"याचा. माझा काढला तसा. त्याच भिंतीपुढे, त्याच दिव्याखाली." आणि बोट विनयसरांच्या केसांकडे नेऊन, "डोकं उघडं."

मालकांना पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं, आणि ते टेबलावरची कागदपत्रं नीट करू लागले. विनयसरांचा चेहरा पांढरा पडला. ते खुर्चीत पुढे सरकले आणि हळूच मराठीत म्हणाले, "सिस्टर, काय हे. आपण आपली माणसं. या लोकांसमोर असं करू नका."

"आता आठवली आपली माणसं?"

उम्म सालेहची काठी फरशीवर वाजली. "काय म्हणतोय तो?"

आपा तिच्याकडे वळून अदबीने म्हणाली, "म्हणतोय, तयार आहे."

त्वचा विभाग रिकामाच होता. पांढरी भिंत, गोल दिवा, स्टूल. विनयसरांनी टोप काढला आणि मांडीवर धरला. दोन्ही हातांनी, मेलेलं मांजर धरावं तसा. टाळू अगदी पांढरी होती, कधीच ऊन न लागलेली, आणि मध्ये डिंकाची तांबूस रेघ. त्यावर घाम फुटत होता. फोटो नूफने काढला. पहिला तिरका आला.

"नीट काढ," आपा म्हणाली. "फाइलसाठी हाय."

समोरून. डावीकडून. उजवीकडून. आपा प्रत्येक वेळी पडद्यावर बघत होती आणि एकदा तिने परत घ्यायला लावला, कारण डोळे मिटले होते. "डोळे उघडे पाहिजेत. पट्टी कुठे लावायची मग?"

मला त्या माणसाची दया यायला हवी होती. मी सनाचे गाल आठवत उभी राहिले आणि दया आली नाही.

आपाने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून रुमालात बांधलं आणि रुमाल पर्समध्ये ठेवला. विनयसरांनी टोप घाईघाईने चढवला. तो थोडा वाकडा बसला. "काय करणार तुम्ही त्याचं?" त्यांनी विचारलं.

"बघू," आपा म्हणाली. "पुढच्या छपाईत."

त्यानंतर तो माणूस सुखाने जेवला असेल असं मला वाटत नाही. सकाळी आल्या आल्या ते पहिल्यांदा स्वागतकक्षातल्या पत्रकांच्या स्टँडपाशी जायचे. प्रत्येक नवं पत्रक उलटून बघायचे. लिफ्टमध्ये नवी जाहिरात लागली की जवळ जाऊन वाचायचे. छापखान्याचा माणूस आला की त्याच्या हातातला गठ्ठा आधी हे घेणार. आपा मधूनमधून जाहिरात विभागात जायची आणि नूफच्या शेजारी खुर्ची ओढून नुसती बसायची.  पर्स मांडीवर. विनयसर मग नूफला काम शिकवायला लागायचे. दर कसे ठरवायचे, मजकूर कसा लिहायचा, मुद्रितं कशी तपासायची, सगळं. इतकं मन लावून शिकवलं त्यांनी की वर्षाच्या आत त्यांची गरज संपली. त्यांचा इकामा रिन्यू झाला नाही. मालकांनी नूफला त्या खोलीत बसवलं.

शेवटच्या दिवशी मला ते प्रसूती विभागाच्या दाराशी भेटले. वारा होता, आणि त्यांनी एक हात डोक्यावर धरला होता. "ताई, एवढं करा. आत जाऊन विचारा, ते कार्ड देतात का. मी कायमचा चाललोय."

मी आत गेले. आपाच्या हातात नुकतंच झालेलं पोर होतं. तिने ऐकून घेतलं आणि पोराचं नाक पुसत म्हणाली, "सांग त्याला, फाइलीत हाय."

मी तसं सांगितलं. ते डोक्यावरचा हात न काढता निघून गेले.

मी तिला त्या दिवशी विचारलं, "बरं वाटलं?" लोक अशा वेळी म्हणतात, सूड घेऊन काही मिळत नाही, पोकळ वाटतं. आपाने विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला, आणि म्हणाली, "व्हय. मना बरा वाटला. झोप लागते."

नूफने पहिली जाहिरात केली ती प्रसूती विभागाची. दिवस बदलत होते, होर्डिंगांवर हळूहळू बायकांचे चेहरे दिसू लागले होते. नूफ म्हणाली, "सिस्टर, तुझा चेहरा लावते. विचारून. नाव घालून." आपाने साफ नकार दिला. मग नुसते हात ठरले. आपाचे हात आणि त्यांत एक तान्हं. छापून आलं तेव्हा आपाने चष्मा लावून पाहिलं. "नखं माझी," म्हणाली, "कातडी कोणाची?" जाहिरात छापणाऱ्या कंपनीने हात गोरे करून पाठवले होते. नूफने तो सगळा छापील माल परत पाठवला आणि फोनवर त्या लोकांना जे ऐकवलं ते ऐकून आपा एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. दुसऱ्यांदा छापलेले हात काळेसावळे, शिरा फुगलेले, बेसिनच्या पाण्याने सुरकुतलेले आले. ते चित्र अजून तिथे आहे.

पुढे सौदीकरण नर्सिंगपर्यंत पोचलं. आपाने स्वतः तयार केलेल्या दोन सौदी मुली तिच्या जागेवर आल्या. तिने त्याबद्दल कुणाला शिवी दिली नाही. "माझी खुर्ची माझ्या हातच्या पोरींनी घेतली. विचारून घेतली," म्हणाली. सना तोवर मुंबईला कॉलेजात गेली होती. हनुवटीखाली एक फिकट पट्टा राहिला होता, बाकी गाल भरून आले होते.

आपा आणि अन्वरभाई निघाले त्या सकाळी त्यांना विमानतळावर सोडायला नूफ स्वतःची गाडी घेऊन आली. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळून थोडेच दिवस झालेले, आणि नूफ रस्त्याच्या मध्यभागातून चालवायची. अन्वरभाई मागे, बॅगांच्या मध्ये अंग चोरून. आपा पुढे. तिने पट्टा बांधला आणि नूफला अरबीत बजावलं, की घाई केलीस तर मी इथेच उतरेन आणि उंटावरून रत्नागिरीला जाईन.

मी खिडकीशी वाकले.  इतक्या वर्षांचं बोलणं तिथे खिडकीत कसं मावणार? शेवटी जे मनात होतं तेच विचारलं.

"आपा, जाताय आता. विनयसरांना माफ केलंत का?"

तिने स्कार्फची कड नीट केली. माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेने. माझ्या गालाला तिचा तो खरबरीत हात लावला.

"नाय," म्हणाली. आणि नूफकडे वळून, "यल्ला, चल गो बाय. विमान थांबायचा नाय."

काच वर गेली आणि गाडी रस्त्याच्या मधोमध निघाली.